‘मी यंदा पळणार नाही!’

बालमित्रांनो, आज आधी एक भांडण सांगते, मग गोष्ट.

भांडण आमच्याच वर्गातलं. इयत्ता चौथी. जानेवारीत शाळेच्या क्रीडास्पर्धा झाल्या. शंभर मीटर धावण्यात गेली दोन वर्षं एकच मुलगा पहिला येत होता. त्याचं नाव सांगत नाही, नाहीतर तो हा अंक गावभर दाखवत फिरेल. यंदा त्याच्याच शेजारी बसणारा मुलगा पंधरा दिवस आधीपासून सगळ्यांना सांगत होता, “माझा पाय मुरगळलाय. मी यंदा पळणार नाही. फक्त लिंबू-चमचा.” आणि रोज पहाटे हा पठ्ठ्या कालव्याच्या भरावावर पळायचा सराव करत होता! स्पर्धेच्या दिवशी शिट्टी वाजायच्या जरा आधी आला, नाव दिलं, रेषेवर उभा राहिला आणि वीतभर पुढे राहून जिंकला.

मग काय विचारता! “बाई, हा लबाड आहे! बाई, ह्यानं फसवलं!” दुसरीकडून, “फसवलं काय त्यात? पळाला की नाही स्वतःच्या पायांनी?” माझी पंचाईत झाली. नियम तर कुठलाच मोडला नव्हता. ‘मी पळणार आहे हो’ असं आधी सांगायचा नियम कुठे असतो? डी. एड. करताना मुलांची भांडणं कशी सोडवावीत हे आम्हांला शिकवलं होतं, पण हे भांडण काही त्या पुस्तकात नव्हतं. मी हात वर करायला लावले. ‘लबाडी’ म्हणणारे १७, ‘हुशारी’ म्हणणारे ९. प्रमाणपत्र जिंकलेल्यालाच दिलं, पण दोघं एकमेकांशी बोलेनात.

शनिवारी सकाळची शाळा असते. त्या शनिवारी मी वर्गात पृथ्वीगोल घेऊन गेले आणि एका माणसाची गोष्ट सांगितली. त्यानं अगदी हेच केलं होतं, फक्त शंभर मीटरची नाही, सगळ्या जगाची शर्यत होती. तीच आज तुम्हांला सांगते. घरात पृथ्वीगोल किंवा नकाशा असेल तर घेऊन बसा.

त्या माणसाचं नाव रोआल्ड अमुंडसेन. जन्म १८७२, देश नॉर्वे. आईची इच्छा त्यानं डॉक्टर व्हावं अशी, आणि याच्या डोक्यात बर्फाचे प्रदेश. पंचविशीत तो ‘बेल्जिका’ नावाच्या जहाजावर नोकरीला लागला आणि दक्षिणेकडे अंटार्क्टिकाला गेला. १८९८ च्या मार्चमध्ये ते जहाज गोठलेल्या समुद्रात अडकलं, ते जवळजवळ वर्षभर सुटलंच नाही. दोन महिन्यांहून जास्त काळ सूर्य उगवला नाही. माणसं आजारी पडू लागली. हिरड्या सुजतात, अंगातली ताकद जाते, असा तो स्कर्व्ही नावाचा आजार. ताजं अन्न पोटात गेलं नाही की क जीवनसत्त्व मिळत नाही आणि हा आजार होतो. जहाजावरच्या डॉक्टरनं उपाय सांगितला, “सील आणि पेंग्विनचं ताजं मांस खा.” कप्तान आधी नाक मुरडत होता, पण शेवटी खावंच लागलं आणि माणसं सावरली. तो डॉक्टर अमेरिकन होता. त्याचं नाव फ्रेडरिक कुक. हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

पुढे १९०३ ते १९०६ अमुंडसेननं ‘योआ’ नावाच्या लहानशा जहाजातून, फक्त सहा सोबती घेऊन, कॅनडाच्या वरच्या बर्फाळ बेटांमधून जाणारा सागरी मार्ग पार केला. तोपर्यंत कुणालाच जहाजानं ते जमलं नव्हतं. या मोहिमेत त्याला दोन हिवाळे इनुइट लोकांच्या शेजारी काढावे लागले. तो त्यांच्याकडे चक्क विद्यार्थी होऊन शिकला. कातड्याचे सैल कपडे कसे घालायचे, बर्फाचं घर कसं बांधायचं, कुत्र्यांकडून स्लेज कशी ओढून घ्यायची. स्लेज म्हणजे बर्फावरून घसरत जाणारी बिनचाकाची गाडी.

मग त्यानं ठरवलं, आता उत्तर ध्रुव. नॉर्वेच्या नान्सेन या मोठ्या संशोधकानं त्याला आपलं ‘फ्राम’ हे जहाज वापरायला दिलं. पैसे जमू लागले. आणि १९०९ च्या सप्टेंबरमध्ये वर्तमानपत्रांत एकामागून एक दोन बातम्या आल्या. पहिली: डॉक्टर कुक २१ एप्रिल १९०८ ला उत्तर ध्रुवावर पोचला. हो, तोच कुक! आणि आठवडाही झाला नाही तोच दुसरी: अमेरिकेचाच रॉबर्ट पिअरी ६ एप्रिल १९०९ ला उत्तर ध्रुवावर पोचला, आणि तो म्हणतोय की कुक खोटारडा आहे.

त्या दोघांची जुंपली, ती जन्मभर. एक मोठं वर्तमानपत्र कुकच्या बाजूनं, दुसरं पिअरीच्या. त्याच वर्षी डिसेंबरात कोपनहेगनच्या विद्यापीठानं कुकची कागदपत्रं तपासली आणि पुरावा नाही असं सांगितलं. पिअरीचा मान राहिला, पण त्याच्या दाव्याबद्दलही पुढे अभ्यासकांना शंका आल्या आणि त्या आजही आहेत. एक गोष्ट मात्र मला फार खटकते. कुकबरोबर दोन इनुइट माणसं होती. पिअरीबरोबर मॅथ्यू हेन्सन हा कृष्णवर्णीय अमेरिकन आणि ऊटा, एगिंगवा, सीग्लू, ऊकेआ असे चार इनुइट होते. गाड्या हाकायच्या, बर्फाची घरं बांधायची, हे सगळं करणाऱ्या या माणसांना ‘आधी कोण पोचला?’ या भांडणात कुणी धरतच नव्हतं.

असो. आपण अमुंडसेनकडे येऊ. ज्या गडावर झेंडा लावायचा म्हणून कंबर कसली, तिथे आधीच दोघे भांडत बसले होते! डोक्यावर कर्ज होतं. आता दुसरं किंवा तिसरं येणाऱ्याला पैसे कोण देणार? त्यानं मनातल्या मनात पृथ्वीगोल उलटा केला. उत्तर ध्रुव नाही तर दक्षिण ध्रुव.

पण दक्षिण ध्रुवावर जाणार म्हणून आधीच एकानं जाहीर केलं होतं. इंग्रज आरमारातला अधिकारी रॉबर्ट फाल्कन स्कॉट. तो १९०१ ते १९०४ या काळात अंटार्क्टिकाला जाऊन आला होता. त्याच्या हाताखाली काम केलेला शॅकलटन १९०९ च्या जानेवारीत दक्षिण ध्रुवापासून सुमारे १८० किलोमीटरवर पोचला होता आणि पुढे गेलो तर सोबती जिवंत परतणार नाहीत हे ओळखून माघारी वळला होता. (या दोघांतही कुरबुर होती. स्कॉटच्या जुन्या ठाण्याजवळ तळ ठोकणार नाही असं शॅकलटननं त्याला कबूल केलं होतं आणि बर्फानं अडवल्यावर शेवटी तिथेच तळ ठोकला. स्कॉटला ते फार लागलं. ती गोष्ट पुन्हा कधीतरी.)

१९१० च्या मार्चमध्ये स्कॉट आपली मोटरवर चालणारी स्लेज तपासायला नॉर्वेला आला होता. त्यानं अमुंडसेनला भेटायचा प्रयत्न केला. त्याला वाटत होतं, हा उत्तरेला जाणार, मी दक्षिणेला, तर दोघांनी मिळून काही वैज्ञानिक नोंदी कराव्यात. अमुंडसेन त्याला भेटलाच नाही. ‘पाय मुरगळलाय’ म्हणणारा मुलगा आठवला ना? वर्गातही इथेच सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या.

ऑगस्टमध्ये ‘फ्राम’ नॉर्वेहून निघालं. अमुंडसेनचा भाऊ आणि एक-दोन अधिकारी सोडले तर जहाजावरही कुणाला खरं माहीत नव्हतं. उत्तरेला चाललेल्या जहाजावर तिथे वापरायची म्हणून ९७ कुत्री होती आणि जहाज मात्र दक्षिणेला! सप्टेंबरात मदेरा बेटाजवळ त्यानं सगळ्यांना डेकवर बोलावलं, अंटार्क्टिकाचा नकाशा पसरला आणि एकेकाला नावानं विचारलं, “येणार का?” एकूण एक जण ‘हो’ म्हणाला. सगळ्यांनी घरी पत्रं लिहिली आणि भावानं ती नॉर्वेला नेली. मग स्कॉटला तार गेली. तार तुम्ही पाहिली नसेल. आपल्याकडची तारसेवा २०१३ साली बंद झाली. पूर्वी शब्द मोजून पैसे पडत, म्हणून माणसं कमीत कमी शब्दांत मोठ्यात मोठी बातमी सांगत. ऑक्टोबरमध्ये स्कॉट ऑस्ट्रेलियात मेलबर्नला पोचला, तेव्हा ती त्याच्या हातात पडली. ‘फ्राम’ अंटार्क्टिकाला चाललं आहे, हे कळवण्याची परवानगी असावी, अशा अर्थाचं एकच वाक्य आणि खाली अमुंडसेनचं नाव.

आता सांगा, ही लबाडी की हुशारी? घाई करू नका. पुढे ऐका.

१९११ च्या जानेवारीत दोघांनी अंटार्क्टिकाच्या एकाच बाजूला, पण एकमेकांपासून शेकडो किलोमीटर दूर तळ ठोकले. फेब्रुवारीत स्कॉटचं जहाज ‘टेरा नोव्हा’ किनाऱ्यानं चाललं होतं, तर समोर एका खाडीत ‘फ्राम’ उभं! जहाजावरचे इंग्रज दचकलेच. पण मारामारी झाली असं वाटलं ना? मुळीच नाही. सकाळी इंग्रजांनी नॉर्वेवाल्यांच्या तळावर नाश्ता केला, दुपारी नॉर्वेवाले इंग्रजांच्या जहाजावर जेवले. मनात काय चाललं असेल ते त्यांनाच ठाऊक.

मग लांबलचक हिवाळा. अमुंडसेनच्या माणसांनी बर्फाच्या पोटात खोल्या कोरल्या आणि तिथे बसून स्लेज तासून तासून त्यांचं वजन निम्म्याहून कमी केलं. रॉकेलच्या डब्यांना पक्कं डाग दिलं, म्हणजे झिरपायला नको. पण अमुंडसेनच्या मनाला स्वस्थता नव्हती. स्कॉटच्या मोटरी! त्या आपल्याला मागे टाकतील ही धास्ती त्याला सतत होती. (त्यातली एक तर जहाजातून उतरवतानाच बर्फ फुटून समुद्रात गेली होती, आणि राहिलेल्या दोन पुढे वाटेतच बंद पडल्या.) या धास्तीपायी तो सप्टेंबरातच, फार लवकर, निघाला. थंडी शून्याखाली ५० अंशांच्याही पुढे. पायांना हिमदंश, कुत्री मरायला लागली. परत फिरावं लागलं, आणि परतताना जो तो आपापल्या गाडीवर सुटला, पुढारीसुद्धा! सगळ्यांत मागे राहिलेल्या अर्धमेल्या सोबत्याला योहान्सेन या जुन्या, अनुभवी माणसानं सांभाळून रात्री उशिरा तळावर आणलं. सकाळी तो सगळ्यांसमोर अमुंडसेनला बोलला, की पुढाऱ्यानं असं करायचं नसतं. अमुंडसेननं त्याला ध्रुवावर जाणाऱ्या तुकडीतून काढून टाकलं. मुलांनो, स्कॉटला उशिरा कळवण्यापेक्षा मला याचाच जास्त राग येतो. योहान्सेनचं चुकलं काय होतं?

ऑक्टोबरात अमुंडसेन पुन्हा निघाला. पाच माणसं, चार स्लेज, ५२ कुत्री. वाटेत अन्नाचे साठे त्यानं आधीच पुरून ठेवले होते आणि धुक्यात ते चुकू नयेत म्हणून प्रत्येक साठ्याच्या दोन्ही बाजूंना, वाटेला आडव्या, दूरवर झेंड्यांच्या रांगा लावल्या होत्या. कुठूनही आलात तरी एखादा झेंडा सापडणारच. डोंगर चढून वर आल्यावर त्यानं एक कठोर गोष्ट केली. २४ कुत्री मारली, उरलेल्या कुत्र्यांना आणि माणसांना खाऊ घालण्यासाठी. हे आधीपासून ठरलेलं होतं. वर्गात इथे दोन मुली रडल्या. मी ही गोष्ट गाळणार होते, पण मग म्हटलं, जिंकण्याची किंमत कुणी मोजली तेही कळू द्यावं.

१४ डिसेंबर १९११. दक्षिण ध्रुव. पाचही जणांनी मिळून झेंड्याची काठी धरली आणि रोवली. एक छोटा तंबू उभारला आणि आत दोन कागद ठेवले. एक नॉर्वेच्या राजाला पत्र. दुसरी चिठ्ठी स्कॉटला: तुम्ही इथे पहिले याल असं वाटतं, तर हे पत्र आमच्या राजाला पोचवाल का? परतताना आपलं काही बरंवाईट झालं तर पुरावा राहावा, म्हणून ही योजना. पण तसं काही झालं नाही. ९९ दिवसांत, ११ कुत्र्यांसह, पाचही जण सुखरूप तळावर परत.

स्कॉट १ नोव्हेंबरला निघाला होता. त्याच्याकडे मोटरी, तट्टू, कुत्री असं सगळंच थोडं थोडं होतं. मोटरी बंद पडल्या, तट्टू थंडीत टिकली नाहीत, कुत्री वाटेतून माघारी पाठवली. शेवटी माणसांनीच पट्टे गळ्यात घालून गाडी ओढली. शिधा बांधलेला चार-चार जणांचा आणि ऐन वेळी त्यानं शेवटच्या तुकडीत घेतले पाच जण. स्वतः स्कॉट, डॉक्टर विल्सन, एव्हान्स, ओट्स आणि बॉवर्स. यातला ओट्स आपल्याकडे महूच्या छावणीत नोकरीला होता, तर बॉवर्स रॉयल इंडियन मरीन या इथल्या आरमारी दलातला. बॉवर्सलाच १६ जानेवारी १९१२ ला दूरवर एक काळा ठिपका दिसला. जवळ गेले तर काय, काळा झेंडा आणि कुत्र्यांच्या पावलांचे ठसे. दुसऱ्या दिवशी ते ध्रुवावर पोचले, ३४ दिवस उशिरा. तंबू सापडला, चिठ्ठी सापडली.

आता तुम्ही स्कॉटच्या जागी असता तर? ज्यानं तुम्हांला आधी सांगितलं नाही, ज्यानं तुम्हांला हरवलं, त्याचंच पत्र पोचवायचं! आणि ते पोचवणं म्हणजे आपण हरलो याचा पुरावा आपल्याच हातानं वाहून नेणं. एक मुलगा ताडकन म्हणाला, “बाई, मी फाडून टाकलं असतं.” स्कॉटनं ते जपून बरोबर घेतलं.

परतीची वाट मी थोडक्यात सांगते. फेब्रुवारीत एव्हान्स गेला. मार्चमध्ये ओट्सचे पाय हिमदंशानं निकामी झाले. आपल्यामुळे सोबत्यांचा वेग मंदावतोय हे ओळखून तो एका सकाळी वादळात तंबूबाहेर गेला आणि परतला नाही. उरलेल्या तिघांचा शेवटचा मुक्काम अन्नाच्या मोठ्या साठ्यापासून फक्त सुमारे २० किलोमीटरवर पडला. तो साठा आधी ठरवलेल्या जागेच्या पन्नासहून अधिक किलोमीटर अलीकडे करावा लागला होता, कारण दमलेल्या तट्टांना आणखी पुढे हाकायला स्कॉटचं मन धजलं नव्हतं. तट्टांची पर्वा न करता पुढे चला, असं त्याला सांगणारा कोण होता माहीत आहे? ओट्सच. स्कॉटच्या डायरीतली शेवटची नोंद २९ मार्च १९१२ ची आहे.

हिवाळा संपल्यावर शोधपथक निघालं. त्यात सात खेचरं होती, आणि ती आली होती आपल्या देशातून! सिमल्याला शिकवून तयार केलेली. त्यांची नावं ऐका: लाल खान, गुलाब, बेगम, राणी, अब्दुल्ला, प्यारी आणि खान साहिब. १२ नोव्हेंबरला बर्फात अर्धवट गाडलेला तंबू सापडला. आत तिघं जण होते. डायऱ्या होत्या. सामानात सुमारे १६ किलो दगड होते, शेवटपर्यंत न टाकलेले. त्यांत ग्लोसोप्टेरिस नावाच्या प्राचीन वनस्पतीच्या पानांचे ठसे निघाले. तसेच ठसे आपल्या नागपूरजवळच्या कामठीच्या खडकांतही सापडतात, कारण कोट्यवधी वर्षांपूर्वी भारत आणि अंटार्क्टिका एकाच मोठ्या भूखंडात जोडलेले होते. त्या भूखंडाला गोंडवन म्हणतात, आपल्या गोंड लोकांच्या मुलखावरून.

आणि तिथेच अमुंडसेनचं पत्रही होतं.

शोधपथकात ट्रिग्वे ग्रान नावाचा तेवीस-चोवीस वर्षांचा तरुण होता. तो होता नॉर्वेचा. बर्फावर स्कीनं कसं चालायचं ते शिकवायला स्कॉटनं त्याला नेलं होतं. म्हणजे स्वतःच्याच देशाच्या माणसानं हरवलेल्या तुकडीत तो काम करत होता. तंबूवर बर्फाची रास रचली, तेव्हा वर लावायच्या क्रूसासाठी ग्राननं आपल्या पायातल्या स्की काढून दिल्या आणि परत येताना स्कॉटच्या स्की घातल्या. निदान त्या तरी सगळी वाट पुरी करतील, म्हणून.

जगाला स्कॉटची बातमी १९१३ च्या फेब्रुवारीत कळली आणि सगळं उलटंच झालं. हरलेला वीर ठरला आणि जिंकलेल्याकडे लोक संशयानं बघू लागले. त्याच्याही आधी लंडनच्या एका मेजवानीत लॉर्ड कर्झननं (हो, तुमच्या दादा-ताईच्या इतिहासाच्या पुस्तकातला बंगालच्या फाळणीवाला) आपलं कौतुक सोडून कुत्र्यांचाच जयजयकार करायला लावला, असं अमुंडसेननं पुढे आत्मचरित्रात लिहिलं. असं काही झालंच नाही, असं त्या संस्थेचं म्हणणं. पण अमुंडसेनच्या मनात ते राहिलं, एवढं खरं.

गोष्ट इथे संपवली असती तर मतदान परत १७ विरुद्ध ९ च झालं असतं. पण अमुंडसेन त्यानंतर पंधराहून अधिक वर्षं जगला.

१९२६ च्या जानेवारीत तो अमेरिकेत व्याख्यानं देत होता. डॉक्टर कुक तेव्हा तुरुंगात होता, तेलाच्या कंपनीच्या शेअर्समध्ये लोकांना फसवल्याबद्दल. आता त्याला कुणी विचारत नव्हतं. अमुंडसेन तुरुंगात जाऊन त्याला भेटला. वर्तमानपत्रांनी काहूर माजवलं आणि एका मोठ्या संस्थेनं त्याला दिलेलं व्याख्यानाचं निमंत्रण मागे घेतलं. त्यानं पर्वा केली नाही. ‘बेल्जिका’वर आपल्या सगळ्यांचे जीव या डॉक्टरनं वाचवले होते, हे तो विसरला नव्हता.

त्याच वर्षी मे महिन्यात तो ‘नॉर्गे’ या हवाई जहाजातून उत्तर ध्रुवावरून उडत गेला. हवाई जहाज म्हणजे वायूनं भरलेला प्रचंड लांबट फुगा आणि त्याला खाली टांगलेली केबिन. ते तयार केलं होतं उम्बेर्तो नोबिले या इटालियन अधिकाऱ्यानं, आणि चालवतही तोच होता. बरोबर तितीना नावाची त्याची लहानशी कुत्रीसुद्धा होती! ध्रुवावर झेंडे टाकले, तेव्हा इटलीचा झेंडा बाकीच्यांपेक्षा फार मोठा निघाला. अमुंडसेन चिडला. खाली उतरल्यावर तर ‘मोहीम कुणाची? श्रेय कुणाचं?’ यावरून दोघांचं असं बिनसलं की काही विचारू नका. १९२७ मध्ये अमुंडसेननं आत्मचरित्र लिहिलं, त्यात नोबिलेवर पानंच्या पानं भरून राग काढला आहे. खरं सांगायचं तर ती पानं त्याला शोभत नाहीत. पालकांनो, मोठ्या माणसांनाही हे जमत नाही हो, मग आपण नऊ वर्षांच्या पोरांवर कशाला ओरडतो?

२५ मे १९२८. नोबिलेचं नवं हवाई जहाज ‘इटालिया’ उत्तर ध्रुवावरून परतताना बर्फावर कोसळलं. त्याचा संदेश येईना. ही बातमी आली तेव्हा अमुंडसेन ऑस्लोमध्ये एका मेजवानीत जेवत होता. शोधायला जाल का, असं त्याला विचारलं गेलं.

मी वर्गाला थांबवून विचारलं, “काय म्हणाला असेल?” “नाही!” असा मोठा आवाज आला.

तो म्हणाला, लगेच तयार आहे.

तो ५५ वर्षांचा होता. सरकारनं शोधाचं पुढारपण दुसऱ्याला दिलं, तरी तो थांबला नाही. फ्रान्सनं दिलेल्या ‘लाताम’ नावाच्या, पाण्यावर उतरणाऱ्या विमानातून १८ जून १९२८ ला दुपारी तो ट्रॉम्सो या गावाहून निघाला. विमानात सहा जण होते. संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास शेवटचा बिनतारी संदेश आला. त्यानंतर काही नाही. ऑगस्टच्या शेवटी समुद्रात त्या विमानाचा एक तरंगता भाग मिळाला. विमान आजपर्यंत सापडलेलं नाही. २००९ साली पाणबुडी यंत्रं घेऊन समुद्राचा तळ धुंडाळला, तरी नाही.

“आणि नोबिले?” विचारणारा मुलगा कोण होता? कालव्याच्या भरावावर पळणाराच!

नोबिले वाचला. पाय मोडलेला, बर्फावर लाल रंग लावलेल्या तंबूत पडून होता. अमुंडसेन निघाला त्यानंतर आठवड्याच्या आतच एका स्वीडिश वैमानिकानं त्याला उचललं, तितीनासकट! त्याचे तंबूतले सोबती जुलैत ‘क्रासिन’ या रशियन बर्फफोड्या जहाजानं सोडवले. “त्याला कळलं का, की ते त्याला शोधायला निघाले होते?” कळलं ना. नोबिले १९७८ सालापर्यंत, त्र्याण्णव वर्षं जगला. म्हणजे ती गोष्ट मनात घेऊन पन्नास वर्षं.

आणि त्या उन्हाळ्यात अमुंडसेनच्या शोधासाठी बर्फात गेलेल्या एका जहाजावर, ‘वेस्लेकारी’वर, शोधपथकाचा प्रमुख कोण होता ठाऊक आहे? ट्रिग्वे ग्रान. स्कॉटच्या स्की घालून परतलेला.

घंटा व्हायला पाच मिनिटं होती. मी परत मतदान घेतलं. “अमुंडसेन लबाड होता, असं कुणाला वाटतं?” ११ हात. “लबाड नव्हता?” १२ हात. वर्गात मुलं २६, म्हणजे बेरीज जुळेना. पुन्हा मोजले. चौघांनी हातच वर केला नव्हता, आणि एकानं दोन्ही वेळा केला होता. तो कोण असेल, हे ओळखून मला पोस्टकार्डावर कळवा. आणि तुम्ही हात केव्हा वर केला असता, तेही.